शाळेच्या परसबागेसाठी खताचा पंजा : निवड, पारख आणि निगा

शाळेची परसबाग खतावर जगते. खत वेळच्या वेळी चाळविल्याने तयार होते. आणि चाळविणे हातातील अवजारावर अवलंबून असते. ही साखळी साधी आहे, परंतु तिच्या शेवटच्या दुव्याकडे आपले सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. शाळाभेटीच्या वेळी कंपोस्टचा खड्डा भरलेला आढळतो, त्यावर फलकही लावलेला असतो. मात्र खड्ड्यातील पाला सहा महिन्यांनंतरही पाला म्हणूनच ओळखता येतो. कारण विचारता कोपऱ्यात उभा करून ठेवलेला पंजा दाखविला जातो. त्याचा एक दाता वाकलेला असतो, दुसरा मोडलेला असतो आणि दांडा नळीत खुळखुळत असतो. अशा वेळी नुकसान केवळ पंजाच्या किमतीचे होत नाही. पाला कुजून त्याचे खत होते हे वर्गात शिकविलेले विधान मुलांच्या डोळ्यांदेखत खोटे ठरते, आणि ते नुकसान अधिक मोठे आहे.

केंद्र शासनाने २०१९ साली शालेय पोषण परसबागेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. शालेय पोषण आहाराची योजना २०२१ पासून ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ या नावाने चालू आहे. ज्या शाळेत रोज अन्न शिजते, तेथे भाजीची देठे, साली आणि निवडलेला पाला रोज निघतो. आवारात झाड असेल तर पानगळही असते. सारांश, खताचा कच्चा माल शाळेच्या दारातच आहे. उणीव असते ती योग्य अवजाराची. राजगुरुनगर परिसरातील, म्हणजे खेड तालुक्यातील शाळा डोळ्यांपुढे ठेवून हे अवजार कसे निवडावे, कसे पारखावे आणि कसे सांभाळावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. पंजाचे काम कोणते?

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. दाताळ्याचे दाते दांड्याशी काटकोन करून असतात. ते पाला ओढून गोळा करण्यासाठी असते. पंजाचे दाते दांड्याच्या दिशेनेच पुढे गेलेले असतात. तो खुपसून उचलण्यासाठी असतो. खत चाळविण्याचे काम पंजाचे आहे.

हे काम फावड्याने का होत नाही, असा प्रश्न मुले विचारतात आणि तो विचारण्यासारखाच आहे. अर्धवट कुजलेल्या पेंढ्यात काड्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. फावड्याचे पाते त्या गुंत्यावर आडवे आपटते आणि थांबते. पंजाचे दाते काड्यांच्या मधल्या फटींतून सरकतात, गुंत्यासह पेंढा उचलतात आणि झटका दिला की तो मोकळा करून सोडतात. या मोकळे करण्यातच खताचे मर्म आहे. पाला कुजविणारे सूक्ष्म जीव हवेवर जगतात. ढीग दबून बसला की आतील हवा संपते, कुजण्याची क्रिया मंदावते आणि दुर्गंधी सुटते. ढीग उलटा केला की हवा पुन्हा आत शिरते, बाहेरचा न कुजलेला भाग आत जातो आणि ढीग पुन्हा तापतो. चांगला तापलेला ढीग ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जातो. ही उष्णता काही दिवस टिकली, तर तणांचे बहुतेक बी आणि रोगजंतू नष्ट होतात. खत पूर्ण तयार होऊन भुसभुशीत झाले, म्हणजे मात्र पंजाचे काम संपते. ते दात्यांतून गळू लागते. तेव्हा फावडे आणि घमेले घ्यावे.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास आपल्या शेजारीच, इंदूर येथे झाला. १९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी रसायनज्ञ यशवंत वाड यांनी तेथील संस्थेत काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन खत करण्याची रीत बसविली. ती ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेली. १९३१ साली दोघांच्या नावाने तिच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या पद्धतीत खत सुमारे तीन महिन्यांत तयार होते आणि तेवढ्या अवधीत ते तीन वेळा चाळवावे लागते. हे तीन चाळविणे टाळले, तर थर कितीही शास्त्रशुद्ध रचलेले असोत, तीन महिन्यांचे काम वर्षावर जाते.

२. आधी पद्धत ठरवा, मग अवजार

सर्वच पद्धतींत चाळविणे नसते, आणि खरेदीपूर्वी याचा विचार केला पाहिजे. डॉ. सी. एन. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास बंगळूर येथे विकसित केलेल्या पद्धतीत खड्डा भरून मातीने लिंपून टाकतात आणि पुढे तो चाळवीत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी प्रचारात आणलेली ‘नाडेप’ टाकी ही १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशी विटांची असते. तिच्या भिंतींत ठेवलेल्या छिद्रांतून हवा खेळते, म्हणून तीही चाळवावी लागत नाही. या दोन पद्धतींत पंजा लागतो तो केवळ भरताना आणि शेवटी उपसताना. गांडूळखताच्या वाफ्यात तर लोखंडी पंजा घालूच नये. टोकदार दात्यांनी गांडुळे तुटतात. तेथे हाताने किंवा लाकडी दाताळ्याने काम करावे.

म्हणून ज्या शाळेत नाडेप टाकी आहे, तिने शेजारच्या शाळेशी किंवा ग्रामपंचायतीशी मिळून एकच पंजा ठेवला तरी चालेल. ज्या शाळेत खड्डा किंवा उघडा ढीग आहे, तिला मात्र स्वतःचा आणि भक्कम पंजा हवा.

३. दोन पंजे, दोन कामे

दुकानात पंजा मागितला असता दोन वेगळ्या वस्तू पुढे येतात. दिसण्यात त्या सारख्या असतात, कामात नसतात.

पहिला, माती खणण्याचा पंजा. याचे दाते चार, सरळ, चपटे किंवा चौकोनी आणि जाड असतात. दांडा आखूड असून टोकाला मूठ असते. हा पायाने दाबून जमिनीत रोवावयाचा आणि उचकटून ढेकूळ मोकळे करावयाचे.

दुसरा, खताचा पंजा. याचे दाते चार ते सहा, गोल किंवा लंबगोल, सडपातळ, टोकाकडे निमुळते आणि किंचित वर वळलेले असतात. दांडा लांब असतो. हा खतात सरकवून भार उचलण्यासाठी असतो. त्याने जमीन खणू नये.

शाळांतून मोडलेल्या पंजांपैकी पुष्कळ पंजे खताच्या कामात मोडलेले नसतात. खताच्या पंजाने कोणी झाडाचे आळे खणू पाहिले, कोणी दगड उचकटला, आणि दाता गेला. असे का होते, हे तरफेच्या पाठात मुलांना दाखविता येईल. दांडा १२० सेंटिमीटर आणि दाते ३० सेंटिमीटर लांब आहेत असे समजा. दाते मातीत पूर्ण रोवून दांडा खाली दाबला, तर टेकू दात्यांच्या मुळाशी येतो. दांड्याच्या टोकाशी १० किलो वजनाएवढा जोर लावला, तर दात्यांच्या टोकाशी तो चौपट, म्हणजे ४० किलो वजनाएवढा होतो. चारही दात्यांवर तो वाटला गेला तर निभते. एकच दाता दगडाखाली अडकला तर सगळा भार त्या एकट्यावर येतो. मुलाच्या हाताचा जोर थोडा असला तरी दात्यावर येणारा भार थोडा नसतो.

४. आपल्या तालुक्यातील तीन पट्टे

दाते किती आणि त्यांत अंतर किती, हे आपल्या कचऱ्यावर ठरते. खेड तालुक्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कचरा बदलत जातो.

पश्चिमेकडील भोरगिरी-भीमाशंकरच्या डोंगरी भागात भाताचा पेंढा आणि रानचा पालापाचोळा असतो. लांब काडीसाठी चार दात्यांचा, मोकळ्या फटींचा पंजा पुरतो. दाते अधिक असल्यास काडी त्यांत अडकून बसते आणि प्रत्येक खेपेला हाताने काढावी लागते.

मधल्या भागात, भीमेच्या काठी आणि चासकमानच्या कालव्याच्या पाण्यावर, बागायतीतील उरलासुरला माल मिळतो : उसाचे पाचट, कांद्याची पात, बटाट्याचे वेल. पाचटाचे पान लांब व चिवट असते. ते आधी कोयत्याने वीतभर तुकडे करून घ्यावे. नपेक्षा कोणताही पंजा थकतो. येथे चार किंवा पाच दात्यांचा, जरा जाड दात्यांचा पंजा घ्यावा.

दक्षिणेकडील चाकण औद्योगिक पट्ट्यातील शाळांची अडचण निराळी आहे. भोवती कारखाने व चाळी आहेत, मुलांचे पालक कामगार आहेत. जनावरे थोडी, त्यामुळे शेण दुर्मिळ. कचरा म्हणजे मुख्यत्वे पोषण आहारातील साली आणि आवारातील पाने. हा कचरा बारीक असल्यामुळे चार दात्यांतून गळून पडतो. येथे पाच-सहा दात्यांचा, जवळ फटींचा आणि हलका पंजा सोयीचा. शेणाची उणीव तयार खताची एक-दोन घमेली मिसळून काही अंशी भरून काढता येते.

५. दुकानात करावयाची पारख

शाळेच्या साहित्याची खरेदी पुष्कळदा दरपत्रकावरून होते आणि वस्तू हाती येईपर्यंत कोणी ती पाहिलेली नसते. एका शाळेत असे आलेले पंजे पहिल्याच चाळविण्यात वाकल्याचे प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. दरपत्रक अवश्य मागवावे; परंतु एक नग हातात घेऊन पुढील गोष्टी पाहिल्याखेरीज मागणी नोंदवू नये.

(अ) जोड पाहावा. दाते आणि दांड्याची नळी एकाच लोखंडातून घडविलेली असतील, तर तो पंजा उत्तम समजावा. आडपट्टीवर दाते रिव्हेटने बसविलेले असतील, तर मध्यम. त्यात मोडलेला दाता बदलता येतो, हा गुण आहे. दाते केवळ वेल्डिंगच्या ठिपक्यांनी चिकटविलेले असतील, तर तो टाळावा. दाबाचा जोर दात्याच्या मुळाशीच सर्वांत अधिक येतो आणि नेमका तेथेच हा जोड असतो. जाड रंगाखाली जोड झाकलेला असल्यास दुकानदाराच्या संमतीने थोडा रंग खरवडून पाहावा.

(आ) पोलाद पाहावे. साधी लोखंडी सळई वाकली की वाकलेलीच राहते. पाणी दिलेले पोलाद थोडे वाकते आणि पुन्हा सरळ होते. एका दात्याचे टोक फळीवर टेकवून हळूहळू भार द्यावा व सोडावा. दाता पूर्ववत झाला पाहिजे. जो मुळीच लवत नाही तो फार कडक असू शकतो. असा दाता वाकत नाही, तुटतो. कानस जवळ असेल तर आणखी एक कसोटी आहे : मऊ लोखंडात कानस सहज चावते, पाणी दिलेल्या पोलादावर ती घसरू पाहते.

(इ) आवाज ऐकावा. दांडा नसलेला पंजा दोरीला टांगून लहान हातोडीने टिचकी मारावी. निर्दोष पंजा घंटेसारखा वाजतो. बद्द आवाज आला तर चीर किंवा सैल जोड असण्याचा संभव असतो.

(ई) जाडी मोजावी. गोल दात्याची वाकण्याला विरोध करण्याची शक्ती त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ८ मिलिमीटरचा घन ५१२ आणि १० मिलिमीटरचा घन १०००. म्हणजे केवळ २ मिलिमीटर जाडी वाढली की शक्ती जवळजवळ दुप्पट होते. वजन मात्र वर्गाच्या प्रमाणात, ६४ चे १००, म्हणजे दीडपटीहून किंचित अधिक वाढते. म्हणून दाते मुळाशी जाड आणि टोकाला निमुळते असावेत. जेथे भार अधिक तेथे लोखंड अधिक. संपूर्ण पंजा दांड्यासह दोन किलोच्या आसपास असावा. त्याहून फार जड पंजा टिकतो खरा, पण कोणी हातात घेत नाही.

(उ) नळी पाहावी. दांडा नळीत निदान वीतभर आत जावा आणि आरपार रिव्हेटने किंवा बोल्टने बसलेला असावा. बोल्ट असल्यास दांडा मोडल्यावर गावातच बदलता येतो. नळीचा सांधा उघडा, फाकलेला नसावा.

रंग, चकाकी आणि चिठ्ठीवरील छापील प्रशंसा यांचा टिकाऊपणाशी संबंध नाही. न गंजणाऱ्या पोलादाचा पंजा महाग पडतो. रोज पुसून ठेवण्याची सवय असेल तर त्याची आवश्यकता नाही.

६. लोहाराकडून करून घेणे

जेथे गावात किंवा आठवड्याच्या बाजारात कसबी लोहार आहे, तेथे त्याच्याकडून पंजा करून घेणे हा उत्तम मार्ग होय. मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद या कामास फार चांगले. चाकण परिसरातील भंगाराच्या दुकानांत असे पाटे पाहावयास मिळतात. पाट्याला चीर नाही याची खात्री करून घ्यावी.

लोहाराला काम सांगताना एक गोष्ट आवर्जून बोलावी. दाते घडवून झाल्यावर त्यांना पाणी द्यावयाचे असते आणि त्याच्या दोन पायऱ्या आहेत. लालबुंद दाता तेलात बुडविला की तो कडक होतो, पण काचेसारखा ठिसूळही होतो. म्हणून तो घासून उजळ करून पुन्हा हलक्या आचेवर धरावयाचा. पिवळसर, मग जांभळट छटा येऊन शेवटी निळी छटा आली की आचेवरून काढावयाचा. ही निळाई ३०० अंश सेल्सिअसच्या सुमारास येते आणि तिनेच पोलादात कमानीचा चिवटपणा येतो. अनुभवी लोहार हे रंग डोळ्यांनी ओळखतो. शक्य असल्यास सहावी-सातवीच्या मुलांना सुरक्षित अंतरावरून हे काम दाखवावे. उष्णतेचा धातूवर होणारा परिणाम याहून स्पष्टपणे कोणत्याही चित्रात दिसणार नाही, आणि गावातील कारागीर हाही एक शिक्षकच आहे हे मुलांना उमगेल.

मोडलेला दाता वेल्डिंग करून आणण्याची घाई करू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने भोवतालच्या पोलादाचे पाणी उतरते किंवा ते ठिसूळ होते, आणि दाता पुन्हा जोडाशेजारीच तुटतो. रिव्हेटचा पंजा असेल तर नवा दाता बसवावा. एकसंध असेल तर लोहाराला दाखवावा.

७. दांडा

चांगल्या पंजाचे आयुष्य दांड्याहून मोठे असते. दांडा हा बदलावयाचाच भाग समजावा. बाभूळ, धावडा आणि धामण यांची लाकडे यासाठी चांगली. धामणीचे लाकूड लवचीक असते. भरीव बांबूही चालतो. लाकडाची रेषा दांड्याच्या लांबीला धरून सरळ गेली पाहिजे; ती मध्येच बाजूला निघून जात असेल तर दांडा तेथेच फाटेल. गाठ असू नये. लाकूड वाळलेले असावे, कारण ओला दांडा वाळल्यावर आक्रसतो आणि नळीत खुळखुळू लागतो. भीमाशंकरचे रान अभयारण्य आहे. दांड्यासाठी तेथील झाडाला हात लावू नये, वखारीतून किंवा सुताराकडून लाकूड घ्यावे.

कारखान्यांतून येणाऱ्या खोक्यांच्या फळ्यांचे दांडे करू नयेत. ते लाकूड बहुधा मऊ असते. त्या फळ्यांची कंपोस्टची पेटी मात्र चांगली होते. फळीवर ‘एच.टी.’ असा शिक्का असल्यास ती उष्णतेने निर्जंतुक केलेली असते; ‘एम.बी.’ असा शिक्का असलेली फळी विषारी धुरीची असते, ती वापरू नये.

पंजा जमिनीवर उभा धरला असता दांडा वापरणाऱ्याच्या छातीपर्यंत यावा. मोठ्या माणसाचा पंजा मुलाच्या हाती दिला, तर दांड्याचे टोक मागे उभ्या असलेल्या मुलाच्या तोंडाशी येते. रंगविलेला दांडा घामाने निसटतो आणि फोडही आणतो. रंग न लावता काचपेपरने घासून जवसाचे तेल चोळावे.

८. मुले आणि पंजा

पंजा हे टोकदार अवजार आहे आणि आपण ते बालकांच्या सान्निध्यात वापरीत आहोत, याचा क्षणभरही विसर पडू देऊ नये. पहिली ते पाचवीच्या मुलांच्या हाती पंजा देऊ नये. पाला वेचणे, प्लास्टिक निराळे करणे, पाणी शिंपडणे, ढिगाचे तापमान मोजून लिहिणे ही त्यांची कामे. जेथे शाळा चौथीपर्यंतच आहे, तेथे चाळविण्याचे काम शिक्षकांनी, पालकांनी किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी करावे. सहावी-सातवीच्या मुलांनी शिक्षकांच्या समक्ष, पायांत बूट असतील तरच, एका वेळी एकाने आणि थोडा वेळ काम करावे. इतरांनी दोन पंजांच्या लांबीइतके दूर उभे राहावे. काम थांबले की पंजा दाते खाली करून खतात रोवावा किंवा भिंतीवरील खुंटीला टांगावा. गवतात आडवा टाकू नये.

दाता टोचलाच तर जखम लहान दिसते म्हणून हसण्यावारी नेऊ नये. धनुर्वाताचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात, आणि खोल व अरुंद जखम त्यांना मानवते. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुऊन मुलाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. दहाव्या व सोळाव्या वर्षी द्यावयाची धनुर्वात-घटसर्पाची लस मुलांनी घेतली आहे की नाही, याची माहितीही वर्गशिक्षकाजवळ असावी.

आणखी एक गोष्ट सुरक्षिततेइतकीच महत्त्वाची आहे. शेण, उकिरडा आणि घाण यांचे काम आपल्या समाजाने शतकानुशतके काही जातींच्या माथी मारले. शाळेच्या खड्ड्यावर त्याची छायाही पडता कामा नये. अमुक मुलाला या कामाची सवय आहे, तमुक मुलीला झाडलोट चांगली जमते, अशा निरुपद्रवी वाटणाऱ्या वाक्यांतून ती छाया पडते. तेव्हा पाळी हजेरीपटाच्या क्रमानेच लावावी. मुलगा-मुलगी, गावचा-परगावचा असा भेद करू नये आणि शिक्षा म्हणून तर खताचे काम कोणालाही देऊ नये. स्थलांतरित कामगारांच्या मुलांचाही या क्रमात इतरांइतकाच वाटा असावा, अधिकही नव्हे आणि कमीही नव्हे. अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपल्याला करू द्यावे यासाठी उपोषण केले आणि पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करण्याचे प्रयोग केले. हे काम हलके नाही, असे त्यांनी ते स्वतः करून दाखविले. आपल्या खड्ड्यावर पहिला पंजा मुख्याध्यापकांनी मारला, तर मुलांना निराळे प्रवचन लागणार नाही.

९. निगा आणि नोंद

ओले खत लोखंडाला लवकर गंजविते. काम संपताच दाते पाण्याने धुवावेत, फडक्याने कोरडे करावेत आणि वापरलेल्या तेलाचा बोळा फिरवावा. यास पाच मिनिटे लागतात. पंजा उन्हापावसात ठेवू नये. दांडा उन्हाने फाटतो आणि पावसाने कुजतो. महिन्यातून एकदा बोल्ट आवळावा, दांड्याला वर्षातून दोनदा जवसाचे तेल द्यावे. सुट्टी लागण्यापूर्वी दात्यांना तेल लावून पंजा गोणपाटात गुंडाळून ठेवावा.

जडवस्तू नोंदवहीत ‘पंजा, नग १’ एवढीच नोंद पुरेशी नाही. दाते किती, जोड कोणता, वजन, किंमत, खरेदीचा दिनांक आणि दांडा बदलल्याचे दिनांक लिहावेत. अशा नोंदीवरून कोणता पंजा स्वस्त पडला हे कळते. समजा, एक पंजा ३०० रुपयांचा असून एक वर्ष टिकला आणि दुसरा ९०० रुपयांचा असून नऊ वर्षे टिकला. तर पहिल्याचा वर्षाचा खर्च ३०० रुपये आणि दुसऱ्याचा, दांड्याचा खर्च सोडून, १०० रुपये होतो. हे उदाहरण पाचवीच्या वर्गात घालण्याजोगे आहे. शाळेचे अनुदान अल्प असते. म्हणूनच हलक्या प्रतीचे तीन पंजे घेण्याऐवजी पारखलेला एक घ्यावा.

१०. करावयाची कार्यवाही

(१) मुख्याध्यापकांनी शाळेतील सध्याचा पंजा वरील कसोट्यांवर तपासावा. दाते चांगले असून दांडाच गेला असेल तर नवा पंजा घेऊ नये, दांडा बदलावा.

(२) नवीन खरेदी करावयाची झाल्यास आपली खताची पद्धत आणि आपला कचरा पाहून दात्यांची संख्या ठरवावी, आणि ती मागणीपत्रात स्पष्ट लिहावी.

(३) शाळा व्यवस्थापन समितीतील एखाद्या शेतकरी पालकाला खरेदीस बरोबर न्यावे. हातात अवजार तोलून पाहणारा जाणकार दहा दरपत्रकांच्या तोडीचा असतो.

(४) ढिगाशेजारी एक वही ठेवावी. तीत भरल्याचा दिनांक, प्रत्येक वेळी चाळविल्याचा दिनांक, तापमान आणि त्या दिवशीच्या मुलांची नावे मुलांनीच लिहावीत.

(५) केंद्रसंमेलनात या वह्या एकमेकांस दाखवाव्यात. कोणत्या शाळेचे खत किती दिवसांत तयार झाले आणि कोणता पंजा किती टिकला, याची माहिती केंद्रातील सर्व शाळांना उपयोगी पडेल.

ज्या दिवशी मूल मूठभर काळे, भुसभुशीत खत नाकाशी नेईल आणि त्याला पावसानंतरच्या मातीचा वास येईल, त्या दिवशी विज्ञानाचा एक पाठ पुरा झाला असे समजावे. तो पाठ दरवर्षी व्हावयाचा, तर त्याचे अवजारही दरवर्षी जागेवर असले पाहिजे.